वाचाशिक्षिकेचें कपाट

शाळेंतील कपाट हा वार्षिक अंकांतील लेखाचा विषय होऊं शकेल असें पुष्कळांस वाटणार नाहीं. प्रयोगशाळेचें कपाट, नकाशांचें कपाट, क्रीडासाहित्याचें कपाट, हीं सर्व आपापल्या जागीं उभीं असतात आणि त्यांच्या किल्ल्या कोठें टांगल्या आहेत हें शिपायास ठाऊक असतें. एवढ्यानें आपलें समाधान होतें. परंतु ज्या शिक्षकाच्या बाबतींत कपाट हेंच निम्में काम करतें, त्याच्याच वांट्यास बहुतेक शाळांतून कपाट येत नाहीं. तो शिक्षक म्हणजे वाचाशिक्षक, ज्यास हल्लीं सर्वत्र स्पीच थेरपिस्ट म्हणतात. बहुधा ती शिक्षिका असते, म्हणून पुढें आम्ही 'बाई' असाच उल्लेख करूं.

बाईंचें काम काय, तें आधीं थोडक्यांत सांगितलें पाहिजे. कोणी मूल 'काका' म्हणावयाचें तेथें 'ताता' म्हणतें, कोणी 'राजा'चा 'लाजा' करतें, कोणाचा शब्द ओठांवर येऊन अडतो, तर कोणास चार शब्द जुळवून वाक्य करतां येत नाहीं. तीन वर्षांच्या मुलाचे बोबडे बोल घरांत कौतुकाचे असतात. तेच मूल आठ वर्षांचें होऊन वर्गांत कविता म्हणावयास उभें राहिलें म्हणजे कौतुकाचें हसूं होतें. मग तें मूल उभें राहणेंच टाळूं लागतें. अशा मुलांस आठवड्यांतून एकदोनदां वर्गाबाहेर घेऊन, आरशापुढें बसवून, चित्रें दाखवून, खेळ मांडून बोलतें करणें हें बाईंचें काम.

ही नवी टूम आहे असें समजणारे पालक अजून भेटतात. वस्तुस्थिति तशी नाहीं. मुंबईंत बहिऱ्या मुलांसाठीं शाळा १८८५ च्या सुमारास रोमन कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या खटपटीनें निघाली. अमेरिकेंत वाचाशिक्षकांची संघटना १९२५ सालीं उभी राहिली, आणि स्वतः तोतरेपणाशीं झगडलेल्या चार्ल्स व्हॅन रायपर या विद्वानानें १९३९ सालच्या आपल्या ग्रंथांत ध्वनि शिकविण्याच्या ज्या पायऱ्या मांडल्या, त्या थोड्याफार फरकानें आजहि वापरांत आहेत: आधीं कानानें ओळखणें, मग सुटा ध्वनि, मग अक्षर, मग शब्द, मग वाक्य, आणि शेवटीं सहज बोलणें. आपल्याकडे म्हैसूरची अखिल भारतीय संस्था १९६५ ची व वांद्र्याची अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था १९८३ ची आहे. २०१६ च्या कायद्यानें तर वाचा व भाषा यांतील दोषास दिव्यांगत्वाच्या यादींत स्पष्ट स्थान दिलें. असो. शास्त्र आहे, कायदा आहे, शिकून आलेल्या बाई आहेत. नाहीं तें कपाट.

कपाट नसल्यानें काय बिघडतें, याचा हिशेब आमच्या विद्यार्थ्यांनीं पाटीवर करून पाहावा. एका मुलाचा पाठ अर्ध्या तासाचा, आठवड्यांतून दोनदां, आणि वर्षांत असे तीस आठवडे मिळाले असें धरूं. म्हणजे साठ पाठ झाले. प्रत्येक पाठांत पांच मिनिटें चित्रें शोधण्यांत, फासा कोठें गेला तें पाहण्यांत आणि मागच्या वेळीं कोठपर्यंत आलों होतों तें आठवण्यांत गेलीं, तर तीनशें मिनिटें गेलीं. म्हणजे पांच तास, अथवा पुरे दहा पाठ. गणिताच्या वर्गांत शिक्षक पांच मिनिटें खडू शोधीत बसले तर मुलें वहींतील एखादें उदाहरण तरी सोडवितात. येथें मात्र मूल एकटें असतें. आधींच बोलण्यास धजत नसलेलें तें पोर रिकाम्या मेजाकडे पाहत बसतें, आणि बोलावयाचा जो धीर त्यानें जिन्यावरून येतांना गोळा केला असेल तो त्या पांच मिनिटांत ओसरतो. मिनिटें पाटीवर मांडतां येतात. हें दुसरें नुकसान मांडतां येत नाहीं.

आतां कपाट आलें, तरी त्यांत वस्तु कोणत्या क्रमानें ठेवावयाच्या? येथें आमचें मत थोडें आग्रहाचें आहे. बाजारांत चित्रांच्या पत्त्यांचे जे तयार संच मिळतात ते विषयवार असतात. फळें एका डबींत, पशुपक्षी दुसऱ्या डबींत, वाहनें तिसऱ्या डबींत. शिवाय पुष्कळसे संच इंग्रजी शब्दांसाठीं काढलेले असतात. ससा दाखवून 'र'चा अभ्यास इंग्रजींत होतो, मराठींत होत नाहीं. मराठी मूल त्यास ससाच म्हणणार, आणि गाजर दाखविलें तर 'क' नव्हे, 'ग' उच्चारणार. ज्या मुलास 'क' शिकवावयाचा आहे त्याच्यासाठीं बाईंनीं फळांच्या डबींतून कलिंगड, भांड्यांच्या डबींतून कप आणि पक्ष्यांच्या डबींतून कावळा वेंचीत बसावें काय? ध्वनीसाठीं जीं चित्रें आहेत तीं ध्वनीच्याच क्रमानें लावलीं पाहिजेत.

आणि हा क्रम नव्यानें शोधावयास नको. आपली वर्णमाला हेंच मुळीं एक उत्तम लावलेलें कपाट आहे. कंठापासून आरंभ करून तालु, मूर्धा, दांत आणि ओठ असे पांच वर्ग आपल्या पूर्वजांनीं मुखाच्या आंतून बाहेर येत लावून ठेविले. इंग्रजी वर्णमालेंत ए नंतर बी कां, याचें कारण मुखांत सांपडत नाहीं. 'क' नंतर 'ख' कां, याचें सांपडतें. जें मूल 'क'च्या जागीं 'त' म्हणतें त्याची जीभ कोणत्या खणांतून कोणत्या खणांत घसरली हें वर्णमालेच्या क्रमानें लावलेल्या कपाटापुढें उभें राहिलें कीं डोळ्यांस दिसतें. वरच्या फळीवर कवर्ग, खालीं चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग, आणि सर्वांत खालीं य-र-ल-व, श-ष-स-ह व ळ. प्रत्येक ध्वनीस तीन पाकिटें असावींत: शब्दाच्या आरंभीं, मध्यें व अंतीं. 'र'साठीं राजा, गरुड, दार. 'क'साठीं कावळा, टोकरी, नाक.

तथापि लिपीवर डोळे मिटून विसंबूं नये. 'चिमणी' आणि 'चाक' या शब्दांचें आद्याक्षर आपण एकच लिहितों, पण जीभ दोन निरनिराळ्या ठिकाणीं लागते. 'चंद्र' आणि 'चांदणें' यांचीहि तीच गोष्ट, तशीच 'जीभ' व 'जाळें' यांची. म्हणून 'च' व 'ज' यांस प्रत्येकीं दोन खण हवेत. उलट 'ण' आणि 'ळ' यांनीं आरंभ होणारा शब्दच मराठींत नसल्यामुळें त्यांचें पहिलें पाकीट रिकामें राहणार, आणि तें रिकामेंच राहूं द्यावें. 'ळ'साठीं नळ, माळ, केळें, टाळी, पोळी एवढीं चित्रें हाताशीं असलीं तरी कित्येक आठवडे पुरतात.

एक अडचण सूक्ष्म आहे. 'माकड' हें एकच चित्र आरंभींच्या 'म'ला, मधल्या 'क'ला आणि अंतींच्या 'ड'ला, असें तिन्हीं ठिकाणीं उपयोगी पडतें. तें ठेवावयाचें कोठें? कोणी तीन प्रती काढतात. त्यानें कपाट फुगतें. आमच्या मतें चित्र त्याच्या पहिल्या ध्वनीच्या पाकिटांत ठेवावें, त्याच्या पाठीवर त्या पाकिटाची खूण करावी, आणि एका जाड वहींत प्रत्येक ध्वनीस एक पान देऊन इतरत्र असलेल्या चित्रांचीं नांवें तेथें लिहावींत. ग्रंथपाल जें ग्रंथांसाठीं करतो तेंच हें. पाठीवरील खूण विशेष महत्त्वाची, कारण खेळ आटोपल्यावर पत्ते गोळा करण्याचें काम मुलाकडे देतां येतें, आणि तें मूल खूण पाहून पत्ता ज्याच्या त्याच्या पाकिटांत टाकतांना तो ध्वनि आणखी एकदां म्हणतें. आवरणें हाहि पाठच होतो.

विषयवार लावणी सर्वस्वी टाकावी असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. ज्या मुलाचा ध्वनि शुद्ध आहे पण शब्दभांडारच तोकडें आहे, त्यास फळें, भांडीं, नातीं, अंगावरील कपडे यांचीच पाकिटें हवींत. त्यासाठीं एक वेगळी फळी ठेवावी आणि ती दुसरींत मिसळूं देऊं नये. अडखळत बोलणाऱ्या मुलासाठीं तर कपाटांतून फारसें कांहीं काढावें लागत नाहीं. त्यास हवा असतो वेळ, आणि त्याचें वाक्य पुरें होईपर्यंत थांबणारा माणूस. पालकांनीं त्याच्या तोंडचा शब्द पुढें होऊन म्हणूं नये, आणि 'सावकाश बोल' असें दर वाक्यास बजावूंहि नये.

लावण्याइतकेंच टाकणेंहि महत्त्वाचें आहे. पुष्कळ ठिकाणीं शिट्या, पिसें, फुग्यांच्या नळ्या, मेणबत्त्या यांनीं अर्धें कपाट भरलेलें असतें. फुंकर मारल्यानें जीभ बळकट होते व बोलणें सुधारतें, असा समज त्यामागें आहे. शब्दांतील ध्वनि सुधारण्यास अशा व्यायामांचा उपयोग होतो असा भरंवशाचा पुरावा शोधूनहि मिळालेला नाहीं. ध्वनि सुधारतो तो ध्वनीच्याच अभ्यासानें. एखादी शिटी खेळापुरती ठेवावी, बाकीच्या बालवर्गास द्याव्या. झिजलेले, कोपरे गेलेले, ज्यांतील चित्र मुलास ओळखतां येत नाहीं असे पत्तेहि दर सहामाहींत काढून टाकावे. मुंबईच्या चाळींत वाढलेल्या मुलास नांगराचें चित्र अडवितें, तर घाटावरच्या मुलास जहाजाचें. मूल चित्रापाशींच अडलें तर ध्वनीपर्यंत पोहोंचणार केव्हां? हल्लीं पुष्कळ बाई चित्रें संगणकावर अथवा भ्रमणध्वनींत ठेवतात. जागा वांचते हें खरें. पण तेथेंहि नांवागांवाविना टाकलेलीं पांचशें चित्रें म्हणजे अडगळीची खोलीच, फक्त तिचें दार दिसत नाहीं.

आतां कपाटांतील त्या भागाविषयीं, ज्यास कुलूप हवें. प्रत्येक मुलाचें एक पाकीट व एक पातळ वही असावी. वहींत तारीख, ध्वनि, पायरी, आणि वीसपैकीं किती शब्द बरोबर आले, एवढेंच लिहावें. दोन ओळी पुरतात. दहांपैकीं आठनऊ वेळां बरोबर येऊं लागल्यावर बाई पुढील पायरी घेतात, आणि ती केव्हां घ्यावी हें स्मरणानें नव्हे, त्या दोन ओळींनीं ठरतें. परंतु हीच वही मेजावर उघडी राहिली तर? 'स' येत नाहीं, 'र' येत नाहीं, अमुक वेळीं रडला, असें त्यांत लिहिलेलें असतें. मुलाला वर्गांत नांव पडावयास एक मधली सुट्टी पुरते आणि तें नांव शाळा सुटेपर्यंत टिकतें. म्हणून आमच्या मतें चित्रांचें कपाट उघडें असलें तरी चालेल, वह्यांच्या खणाची किल्ली बाईंच्याच कमरेला असली पाहिजे. शिक्षकखोलींत देखील ती वही वाचून दाखविण्याचा विषय नव्हे.

त्या वहीच्या पहिल्या पानावर एक गोष्ट अवश्य लिहिली जावी: मुलाच्या घरीं कोणती बोली बोलतात. पवित्र शास्त्रांत शास्त्यांच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत यार्देनेच्या उतारावरील जी भयंकर हकीकत आहे ती आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं शास्त्राच्या तासांत वाचली आहे. नदी ओलांडूं पाहणाऱ्या प्रत्येकास एक शब्द म्हणावयास लावीत, आणि इफ्राइमी मनुष्य 'शिब्बोलेथ' असें न म्हणतां 'सिब्बोलेथ' म्हणे. त्या एका ध्वनीवरून बेचाळीस हजार माणसें मारलीं गेलीं. त्या इफ्राइमी लोकांच्या जिभेंत कोणताहि रोग नव्हता. त्यांच्या घरीं तसेंच बोलत. आपल्याकडे जें मूल 'पाणी' न म्हणतां 'पानी' म्हणतें, त्याच्या आईस विचारावें. तीहि तसेंच म्हणत असेल, आणि तिची आईहि. त्या मुलास पुस्तकी मराठी शिकवावयाची असेल तर भाषेच्या तासास शिकवावी; त्याच्यासाठीं 'ण'चें पाकीट काढून त्यास दोषी मुलांच्या रांगेंत बसवूं नये. पहिलें पान कोरें राहिल्यास ही चूक सहज होते, आणि कपाट कितीहि टापटिपीचें असलें तरी तें मग यार्देनेचा उतारच होय. हेंच शास्त्र मोशेचीहि गोष्ट सांगतें. तो आपण बोलण्यांत जड आहों असें म्हणाला, तेव्हां त्याचें काम काढून घेतलें गेलें नाहीं; त्याच्या सोबतीस भाऊ अहरोन दिला गेला.

बहुतेक बाईंस दोन किंवा तीन शाळा असतात, तेव्हां कपाटाबरोबर पिशवीचाहि विचार आलाच. पिशवींत सर्व कपाट कोंबण्याचा मोह फार असतो. उद्यां ज्या मुलांचे पाठ आहेत तेवढ्यांचींच पाकिटें, पाठांच्या क्रमानें, आदल्या संध्याकाळीं भरावींत; एक आरसा, एक फासा, चार सोंगट्या, आणि कोणत्याहि ध्वनीस चालेल असा एखादा खेळ जास्त असावा, कारण एक मूल आजारी पडून त्याच्या जागीं दुसरें येतें. परत आल्यावर पिशवी त्याच दिवशीं रिकामी करावी. आरसा पुसावा, मुलांनीं हाताळलेल्या सोंगट्या साबणानें धुवाव्या. थंडींत एकाची सर्दी दुसऱ्यास जाते ती अशाच वाटेनें.

इतक्या टापटिपीनें खेळाचा आनंद जातो, असा एक आक्षेप आम्हीं ऐकला आहे. मूल आनंदानें पसारा करतें तेव्हांच बोलतें, हें खरें आहे. पण पसारा मुलानें करावयाचा आहे. ज्या बाईस डबा कोठें आहे हें ठाऊक आहे, तीच मुलाच्या मनांत अचानक आलेल्या आगगाडीच्या मागें निर्धास्त धांवूं शकते आणि 'र'चे पांच पत्ते त्या गाडीचे उतारू करून बसवूं शकते.

पालकांस आमची विनंति एवढीच. बाई घरीं जें पाकीट देतात त्यांत पांचच पत्ते असतात. कमी कां म्हणून रागावूं नये, आणि हौसेनें आणखी तीस विकत आणूं नयेत. घरांतील ज्या फळीवर चहाचा डबा असतो त्या फळीवर तें पाकीट ठेवावें, म्हणजे रोज दिसेल. पांच मिनिटें पुरे, पण तीं ठरलेल्या वेळेस. पाहुणे आले म्हणून त्यांच्यापुढें मुलास तें म्हणून दाखवावयास मात्र लावूं नये. पत्ता हरवल्यास तसें चिठ्ठींत कळवावें, दुसरा करतां येतो. बाईंनीं शिकविलें तेवढ्यावर भागेल असें समजणाऱ्या आईबापांचीं मुलें मागें राहतात, असा अनुभव या कामांतील सर्वच शिक्षक सांगतात.

शाळाचालकांकडे मागणी फार मोठी नाहीं. एक अरुंद कपाट, पांचसहा फळ्यांचें, ज्याचा एक खण कुलुपाचा. आणि तें ठेवण्यास अशी जागा, जेथून परीक्षेच्या वेळीं किंवा स्नेहसंमेलनाच्या वेळीं तें उचलून व्हरांड्यांत टाकलें जाणार नाहीं. नवीन संच मागाहून घेतले तरी चालतील. पुष्कळशीं चित्रें आमचे वरच्या इयत्तांतील विद्यार्थीच तयार करूं शकतील: जुन्या दिनदर्शिका, औषधांच्या व बियाण्यांच्या जाहिराती, फाटकीं मासिकें यांतील चित्रें कापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवावयाचीं आहेत. एका पत्त्यावर एकच वस्तु असावी आणि चित्रावर कोणतेंहि अक्षर छापलेलें नसावें, कारण वाचतां येणारें मूल चित्र सोडून अक्षरच वाचूं लागतें. 'ळ' आणि 'ण' यांचीं चित्रें सर्वांत कमी मिळतात. बाण, वीणा, फणस, कमळ, नारळ, गोगलगाय नव्हे तर तिचा शंखहि नव्हे, मुंगळा, असें कांहीं घरांतील रद्दींत दिसल्यास तें बाजूस काढून आपल्या वर्गनायकाकडे द्यावें.